प्रजासत्ताक, धर्म आणि शाळेचे दार

होसकोटे या नावाचा कन्नड अर्थ ‘नवा कोट’. सुगटूरच्या तम्मेगौडा या पाळेगाराने सोळाव्या शतकाच्या अखेरीस येथे किल्ला उभारला आणि गावाला हे नाव मिळाले. सन १६३८ मध्ये विजापूरचा सरदार रणदुल्लाखान याने बेंगळुरू जिंकले आणि बेंगळुरू, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरे हा मुलूख शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आला. या परिसरात मराठी भाषेचे पाऊल स्थिरावले ते त्या काळापासून. पुढे १७६८ च्या ऑगस्टमध्ये गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदरअलीने रात्री छापा घातला, तोही याच होसकोट्याजवळ.

शहाजीराजांच्या कारकिर्दीकडे पाहिले की एक विलक्षण चित्र दिसते. जहागीरदार मराठा, त्याचा धनी आदिलशाही सुलतान, आणि प्रजा कन्नड व तेलुगू बोलणारी. त्यांच्या दरबारातील कवी जयराम पिंड्ये याने ‘राधामाधवविलासचंपू’ रचला. अनेक भाषांतील कवींची हजेरी त्या दरबारात असे, हे या ग्रंथावरून कळते. विविध धर्मांची आणि भाषांची माणसे एका छताखाली नांदत होती, यात शंका नाही. परंतु ते छत राजाचे होते. राजा उदार असेपर्यंत प्रजा निर्धास्त. गादीवर दुसरा बसला, किंवा त्याच राजाचे मन फिरले, तर दाद मागण्यास जागा नव्हती. सहिष्णुता हा त्या काळी राज्यकर्त्याचा सद्गुण होता. प्रजेचा तो हक्क नव्हता.

या सद्गुणाचे हक्कात रूपांतर करण्याचा उद्योग भारताच्या संविधान सभेने १९४६ ते १९४९ या तीन वर्षांत केला. तो सहजासहजी झाला नाही. त्यासाठी कडाक्याचे वाद झाले. त्या वादांतून निघालेल्या काही ओळींवर आज परप्रांतातील प्रत्येक मराठी शाळा उभी आहे. म्हणून शाळेच्या हीरक महोत्सवाच्या निमित्ताने त्या वादांचे स्मरण उचित ठरेल.

शाळेच्या आवारातील एक ठिणगी

धर्म, शाळा आणि सुव्यवस्था यांचा संबंध केवळ तात्त्विक नाही, हे बेंगळुरूने प्रजासत्ताकापूर्वीच अनुभवले होते. १९२८ साली सुलतानपेठेतील एका सरकारी शाळेच्या आवारातील गणपतीच्या मूर्तीवरून वाद पेटला. विद्यार्थी रस्त्यावर आले आणि शहरात दंगल उसळली. म्हैसूर संस्थानचे दिवाण तेव्हा सर मिर्झा इस्माईल होते. महाराज हिंदू आणि दिवाण मुसलमान ही त्या संस्थानच्या उदारतेची खूणच मानली जाई. पण त्या दिवसांत त्याच गोष्टीने संशयाला खतपाणी घातले. चौकशीसाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली.

म्हैसूर हे त्या काळातील अत्यंत प्रगत संस्थान. तेथे राज्यकर्ते समंजस, प्रशासन कार्यक्षम. तरीही एका शाळेच्या आवारातील प्रश्नाने राजधानी हादरली. राज्यकर्त्यांची सद्भावना अशा प्रसंगी पुरेशी ठरत नाही. सर्वांना आधीपासून ठाऊक असलेला आणि सर्वांना सारखाच लागू होणारा नियम लागतो. तो नियम कोणता असावा, हा प्रश्न वीस वर्षांनी दिल्लीत संविधान सभेपुढे आला.

थांबावे की पुढे जावे

संविधान सभेची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. मुस्लिम लीगने बहिष्कार टाकला होता. १३ डिसेंबरला पंडित नेहरूंनी ध्येयांचा ठराव मांडला. भारत हे स्वतंत्र सार्वभौम प्रजासत्ताक होईल, सत्तेचा उगम जनतेत असेल आणि श्रद्धेचे व उपासनेचे स्वातंत्र्य सर्वांना राहील, असा त्याचा आशय होता. सभागृह तो ठराव तत्काळ संमत करण्याच्या मनःस्थितीत असताना बॅरिस्टर मुकुंदराव जयकर उभे राहिले. लीगचे आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत निर्णय पुढे ढकलावा, अशी उपसूचना त्यांनी मांडली. अनेकांना ती रुचली नाही. दुसऱ्याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलण्यास उभे राहिले आणि त्यांनी जयकरांच्या भूमिकेला बळ दिले. आपल्याला ठराव करण्याचा अधिकार आहे काय, एवढाच प्रश्न नसून तो आताच करणे शहाणपणाचे आहे काय, हाही प्रश्न आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

दोन मराठी विधिज्ञांनी मांडलेला हा विचार प्रजासत्ताकाच्या मुळाशी जाणारा आहे. बहुमत हाती असतानाही रिकाम्या खुर्च्यांची आठवण ठेवावी, असा तो विचार. सभेने जानेवारीपर्यंत वाट पाहिली आणि २२ जानेवारी १९४७ रोजी ठराव संमत केला. लीग आली नाही. पुढे देशाची फाळणी झाली. डॉ. आंबेडकर बंगालमधून निवडून आले होते. फाळणीमुळे त्यांची जागा गेली, तेव्हा जयकरांनी सोडलेल्या जागेवर ते मुंबई प्रांतातून सभेत परत आले. २९ ऑगस्ट १९४७ रोजी मसुदा समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. याच समितीवर पुढे म्हैसूरचे माजी दिवाण एन. माधवराव यांचीही नेमणूक झाली.

स्वातंत्र्य कशाचे आणि किती

धर्मस्वातंत्र्य द्यावे, यावर सभेत फारसा मतभेद नव्हता. वाद होता तो त्याच्या मर्यादेचा. हा प्रश्न केवळ भारतापुढेच होता असे नाही. १७८९ च्या फ्रान्सच्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने धार्मिक मतांना मोकळीक दिली, पण त्या मतांच्या प्रकटीकरणाने कायद्याने प्रस्थापित सुव्यवस्था बिघडू नये, अशी अटही घातली. अमेरिकेत व्हर्जिनियाच्या विधिमंडळात ख्रिस्ती धर्मशिक्षकांसाठी कर बसवण्याचे विधेयक १७८४-८५ मध्ये आले, तेव्हा जेम्स मॅडिसनने त्याला कडवा विरोध केला. १७८६ मध्ये तेथे जेफरसनने लिहिलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा संमत झाला. आयर्लंडने १९३७ च्या संविधानात सर्वांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले, मात्र कॅथलिक चर्चचे विशेष स्थानही मान्य केले. ते कलम १९७२ च्या सार्वमतानंतर काढून टाकण्यात आले. भारताचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंग राव यांनी १९४७ च्या अखेरीस अमेरिका, कॅनडा, आयर्लंड व ब्रिटन या देशांत जाऊन तेथील विधिज्ञांशी आणि राज्यकर्त्यांशी चर्चा केली होती.

परंतु भारताची अडचण वेगळी होती. येथे धर्माच्या नावाखाली सामाजिक अन्यायही चालत असे. मूलभूत हक्कांच्या उपसमितीत राजकुमारी अमृत कौर आणि हंसा मेहता यांनी हाच मुद्दा लावून धरला. धर्माच्या आचरणाला निरपवाद मोकळीक दिली, तर बालविवाह, देवदासी, पडदा यांसारख्या प्रथांविरुद्ध कायदा करणेच अशक्य होईल, अशी भीती त्यांनी व्यक्त केली. त्यांच्या आग्रहाची छाप संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदावर स्पष्ट दिसते. प्रत्येकाला सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्माचे स्वातंत्र्य आहे. पण ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांना अधीन आहे, आणि समाजसुधारणेचा व हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व हिंदूंना खुली करण्याचा राज्याचा अधिकार त्यामुळे बाधित होत नाही.

मंदिरांचा हा उल्लेख महाराष्ट्राला परका नाही. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह झाला होता. दिल्लीत संविधान सभा मूलभूत हक्कांच्या अहवालावर चर्चा करून अस्पृश्यता रद्द करणारे कलम स्वीकारत होती, त्याच सुमारास, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले. विठ्ठलाचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे, एवढीच त्यांची मागणी होती. १० मे रोजी त्यांचे उपोषण सुटले. एकाच आठवड्यात एक वाद सभागृहात शब्दांनी लढला गेला आणि दुसरा पंढरपुरात प्राण पणाला लावून. ज्या विठ्ठलाच्या नावाची मुद्रा पुरंदरदासांनी आपल्या कन्नड पदांवर उमटवली, त्याच विठ्ठलाचे हे मंदिर. म्हणून हा प्रश्न महाराष्ट्राइतकाच कर्नाटकाचाही होता.

‘प्रचार’ या एका शब्दावर तर सभेत दोन दिवस खल झाला. डिसेंबर १९४८ मध्ये ओरिसाचे लोकनाथ मिश्र यांनी धर्मप्रचाराचा हक्क वगळावा, असे आग्रहाने मांडले. बिहारचे तजम्मुल हुसेन यांचे म्हणणे याहून पुढचे होते: धर्म ही माणसाची खाजगी बाब आहे, त्याचे आचरणही खाजगीतच असावे. याउलट मद्रासचे टी. टी. कृष्णम्माचारी यांनी आपला अनुभव सांगितला. सुमारे चौदा वर्षे ते ख्रिस्ती संस्थांच्या शाळा-महाविद्यालयांत शिकले, पण त्यांचे धर्मांतर करण्याचा प्रयत्न कोणी केला नव्हता. कन्हैयालाल मुन्शी यांनी हा शब्द म्हणजे ख्रिस्ती समाजाशी झालेल्या समझोत्याचा भाग असल्याची आठवण करून दिली. ६ डिसेंबर १९४८ रोजी तो शब्द कायम ठेवून कलम संमत झाले.

याच अधिवेशनात प्रा. के. टी. शहा यांनी राज्य ‘सेक्युलर’ असल्याचे संविधानात लिहावे, तसेच राज्याचा कोणत्याही धर्माशी काहीएक संबंध नसावा, अशा उपसूचना आणल्या. दोन्ही फेटाळल्या गेल्या. समाजरचना कशी असावी हे पुढच्या पिढ्यांनी आपापल्या काळात ठरवावे, ते संविधानाने आधीच बांधून टाकू नये, असे डॉ. आंबेडकरांनी शहा यांच्या पहिल्या उपसूचनेस उत्तर दिले. शिवाय राज्याने धर्मापासून पूर्णपणे हात झटकले असते, तर काळारामाचे दार कोणी उघडले असते? ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द उद्देशिकेत आला तो १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने. त्यामागील व्यवस्था मात्र १९५० पासूनच अस्तित्वात होती.

ईश्वराच्या नावाने

१७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा सुरू झाली, तेव्हा हरी विष्णू कामथ यांनी तिचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी उपसूचना मांडली. कामथ मूळचे मंगळूरचे, सनदी नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेले, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडातून निवडून आलेले. त्यांच्या श्रद्धेबद्दल कोणालाही शंका नव्हती. पण पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी म्हटले की, जी गोष्ट माणसाच्या अंतःकरणाच्या गाभ्याशी निगडित आहे, ती समूहाने कोणावर लादू नये. पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामथांना विनवले की, ईश्वरावर मतदान करण्याची पाळी सभासदांवर आणू नका. कामथ मागे हटले नाहीत. मतदान झाले. बाजूने ४१, विरुद्ध ६८.

विरोधात मत देणारे सारे नास्तिक होते, असा याचा अर्थ नाही. त्यांतील अनेकांच्या घरी देवघर असेल, नित्याची पूजा असेल. पण स्वतःच्या वतीने ईश्वराचे नाव घेणे निराळे आणि साऱ्या देशाच्या वतीने ते घेणे निराळे, हा भेद त्यांनी ओळखला होता. त्याच सभेने शपथेच्या नमुन्यात मात्र ईश्वराची शपथ घेणे किंवा गांभीर्यपूर्वक कथन करणे, असे दोन्ही पर्याय ठेवले. व्यक्तीला दोन्ही वाटा मोकळ्या ठेवून राज्याने त्यांपैकी एकही स्वतःसाठी निवडली नाही.

याच वर्षी, १२ मार्च १९४९ रोजी, कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेने आपला ध्येयांचा ठराव संमत केला. त्याचा आरंभ सार्वभौमत्व परमेश्वराचे आहे या घोषणेने होतो. बिगर-मुस्लिम सभासदांनी त्याला हरकत घेतली. पूर्व बंगालचे श्रीशचंद्र चट्टोपाध्याय यांनी या ठरावामुळे अल्पसंख्याकांचे स्थान दुय्यम होईल, अशी चिंता बोलून दाखवली. त्यांच्या बाजूच्या सर्व उपसूचना फेटाळल्या गेल्या. दोन्ही सभांतील सभासद एकाच राजवटीत वाढलेले आणि एकाच कायद्यात मुरलेले. फरक पडला तो आरंभीच्या ओळीने. एका ठिकाणी नागरिकाला आपल्या श्रद्धेमुळे देशात विशेष जागा मिळाली; दुसऱ्या ठिकाणी देशातील जागा आधी निश्चित झाली आणि श्रद्धा ज्याच्या त्याच्याकडे राहिली.

वर्गखोलीत धर्म

७ डिसेंबर १९४८ रोजी सभेपुढे शाळांतील धार्मिक शिक्षणाचे कलम आले. आजच्या संविधानातील तो २८ वा अनुच्छेद. डॉ. आंबेडकरांनी या कलमाचे समर्थन करताना जी कारणे दिली, ती प्रत्येक शिक्षकाने व पालकाने लक्षात ठेवावीत अशी आहेत. करातून गोळा झालेला पैसा एखाद्या धर्माच्या कामी लावता येत नाही, असे तत्त्व एकदा मान्य केल्यावर सरकारी पैशाने धर्म शिकवता येणार नाही, हे ओघानेच येते. देशात धर्म आणि पंथ इतके आहेत की, सर्वांना समान न्याय देणे शाळेला शक्य नाही. आणि प्रत्येक धर्म आपलेच सत्य अंतिम मानतो. ते सारे वाद वर्गात आणले तर शाळेची शांतता राहणार नाही. सुलतानपेठेची आठवण असलेल्या कोणालाही हे शेवटचे कारण सहज पटावे.

म्हणून व्यवस्था अशी झाली. संपूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित खाजगी शाळेत ते देता येईल, पण कोणाही विद्यार्थ्यावर त्याची सक्ती नाही. त्यासाठी त्याची, आणि तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची, संमती हवी. संविधानाने येथे पालकाला हक्काने बोलावले आहे.

या तत्त्वाची कसोटी १९८६ साली लागली. केरळमधील एका शाळेतील तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढून टाकण्यात आले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत. मात्र आपल्या पंथाच्या श्रद्धेनुसार गात नसत. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्याचा आदेश दिला. आदराने उभे राहणाऱ्या मुलांच्या मौनाने सुव्यवस्था भंग पावत नाही, हा त्या निकालाचा आशय. त्या काळी अनेकांना तो निर्णय मानवला नाही. पण बहुसंख्यांना न रुचणाऱ्या तीन मुलांचे रक्षण जे संविधान करू शकत नाही, ते उद्या कोणाचेच रक्षण करणार नाही, हेही तितकेच खरे.

परप्रांतातील मराठी माणूस

दुसऱ्याच दिवशी, ८ डिसेंबर १९४८ रोजी, अल्पसंख्याकांच्या भाषा, लिपी व संस्कृतीच्या जतनाचे कलम सभेत चर्चिले गेले. अल्पसंख्य कोणाला म्हणावे, असा प्रश्न निघाला. डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, येथे हा शब्द केवळ धर्मापुरता नाही. मद्रासकडचे लोक मुंबईत येऊन राहिले किंवा महाराष्ट्रातील लोक बंगालमध्ये जाऊन राहिले, तर ते त्या ठिकाणी सांस्कृतिक व भाषिक अल्पसंख्य ठरतील. त्यांनाही हे संरक्षण मिळाले पाहिजे. धर्माच्या निमित्ताने सुरू झालेला वाद अशा रीतीने भाषेच्या दारी आला. आज २९ व ३० व्या अनुच्छेदांनी धार्मिक आणि भाषिक अशा दोन्ही अल्पसंख्याकांना आपली भाषा जपण्याचा आणि आपल्या पसंतीच्या शाळा स्थापून चालवण्याचा हक्क दिला आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना झाली. त्याच वेळी सातव्या घटनादुरुस्तीने ३५० क हा अनुच्छेद जोडला गेला आणि भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर आली. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केले की, अल्पसंख्य कोण हे राज्य हा घटक धरून ठरवायचे. पुण्यात बहुसंख्य असलेला मराठी माणूस होसकोट्यात अल्पसंख्य ठरतो, आणि धारवाडात बहुसंख्य असलेला कन्नड माणूस सोलापुरात. सहिष्णुतेचा हा धडा फार व्यवहारी आहे. गाडीने एका रात्रीचा प्रवास केला की माणसाची बाजू बदलते. म्हणून आपल्या गावी असताना दुसऱ्याला जे द्यावे, तेच परगावी आपल्याला मागता येते.

मराठी शाळेत कन्नड मनापासून शिकवली जाणे हेही याच न्यायाचे दुसरे अंग होय. ज्या भूमीने घर दिले, तिची भाषा घरात यावी. हक्क जपताना शेजार जपला नाही, तर हक्क कागदावर उरतो आणि माणसे एकमेकांना दुरावतात.

म्हैसूरच्या महाराजांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी जाहीरनामा काढून भारताचे संविधान आपल्या राज्यास लागू होईल, असे घोषित केले. त्याच दिवशी दिल्लीत डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेतील आपले समारोपाचे भाषण केले. राजकारणातील व्यक्तिपूजा अधोगतीकडे नेते, आणि सामाजिक समतेवाचून राजकीय लोकशाही टिकत नाही, असा इशारा त्यांनी त्या भाषणात दिला. दुसऱ्या दिवशी संविधान स्वीकृत झाले. होसकोट्याच्या रहिवाशाला राजाकडून मिळत आलेली उदारता २६ जानेवारी १९५० पासून त्याच्या स्वतःच्या मालकीची झाली.

शहाजीराजांच्या जहागिरीत मराठी बोलली गेली, कारण राजे मराठी होते. आज या गावात मराठी शाळेची घंटा वाजते, ती कोणा राजाच्या मर्जीने नव्हे. शाळेच्या पटावर निरनिराळ्या धर्मांची आणि घरी निरनिराळ्या भाषा बोलणारी मुले एकाखाली एक नोंदवली जातात, तीही कोणाच्या कृपेने नव्हे. सभेतील त्या वादांत कोणी हरले, कोणी जिंकले. पण हरलेल्यांचे म्हणणेही कामकाजाच्या नोंदीत अक्षरशः जपले गेले आहे. साठ वर्षांपूर्वी या शाळेच्या पहिल्या पटावर ज्यांची नावे लागली, त्यांची नातवंडे आज शाळेत जाण्याच्या वयाची आहेत. त्यांना सनावळी पाठ नसली तरी चालेल. शेजारच्या बाकावरील मूल प्रार्थनेच्या वेळी गप्प उभे राहिले, तर त्याच्याकडे वळून पाहू नये, इतके त्यांना कळले तरी त्या तीन वर्षांच्या वादाचे सार त्यांच्या हाती लागले असे समजावे.